पाचरीची पारख

गोल्फ हा साहेबांचा व सुखवस्तु लोकांचा खेळ, ही समजूत आपल्या घरांतून अद्यापि पुरती गेलेली नाहीं. तरीपण नोकरीच्या गांवीं तरुणपणीं चार वर्षें हा खेळ खेळलेले, पुढें संसाराच्या धांदलींत त्याला मुकलेले आणि निवृत्तीनंतर पुन्हां त्याकडे वळलेले पांचसहा गृहस्थ माझ्या ओळखींत आहेत, व मी स्वतः त्यांतलाच एक आहें. अशा परतलेल्या माणसाच्या पहिल्याच आठवड्यांत ध्यानांत येतें कीं, खांदा पूर्वींसारखा वळत नाहीं, आणि जो चेंडू एके काळीं २०० यार्ड जात असे तो १५० यार्डांवरच थकून बसतो. हें गमावलेलें अंतर कोणत्याहि नव्या काठीनें परत मिळत नाहीं. विक्रेता कांहींहि म्हणो. मात्र हिरवळीपासूनच्या शेवटच्या ८० यार्डांत हा खेळ बळ मागतच नाहीं. तेथें पंचविशींतला पुतण्या आणि साठी उलटलेला काका सारख्याच पातळीवर उभे असतात. आमच्यासारख्यांनीं मैदानावर टिकावें कीं पुन्हां घरच्या झोपाळ्यावर येऊन बसावें, याचा निकाल बहुतांशीं तेथेंच लागतो, आणि तो लागतो ‘वेज’ नांवाच्या काठ्यांनीं.

वेज म्हणजे पाचर. (आमच्या सूनबाईंना हा शब्द प्रथम आहारविषयक वाटला होता, व तो आमच्या घराला शोभणाराच होता!) हिचें पातें इतर काठ्यांपेक्षां अधिक मागें कललेलें असतें, त्यामुळें चेंडू दूर न जातां उंच चढतो आणि पडल्यावर फारसा धांवत नाहीं. या कलाला लॉफ्ट म्हणतात व तो अंशांत मोजतात. नवशिक्यानें काठीवरील अक्षरावर न जातां हा अंशांचा आंकडा विचारावा. परतणाऱ्यानें तर तो अवश्य विचारावा, कारण मध्यंतरीं अक्षर तेंच राहून आंकडा बदलला आहे. पूर्वीं पिचिंग वेजचा कल ५० अंशांच्या आसपास असे. हल्लींच्या पुष्कळ संचांत तो ४३ ते ४६ अंश असतो. काठीच्या डोक्याचें वजन खालीं उतरवतां आल्यामुळें कमी कलानेंहि चेंडू पुरेसा चढतो, हें एक कारण. आणि चेंडू दूर गेला कीं गिऱ्हाईक खूष होतें, हें दुसरें. सँड वेज मात्र ५४ ते ५६ अंशांवरच राहिली.

आमच्या एका स्नेह्यांनीं नवा संच घेतला आणि जुनी, हाताला बसलेली ५६ अंशांची सँड वेज प्रेमानें जवळ ठेवली. नव्या संचांतली पिचिंग वेज निघाली ४४ अंशांची. दोहोंमध्यें १२ अंशांचें खिंडार पडलें. म्हणजे मैदानावर २५-३० यार्डांचा असा एक पट्टा, कीं ज्यासाठीं त्यांच्यापाशीं काठीच नाहीं. एकीनें चेंडू पलीकडे जाई, दुसरीनें अलीकडे राही. ५० अंशांची एक काठी मध्यें घातल्यावर त्यांचा खेळ सुधारला, आणि चिडचिडहि कमी झाली असें त्यांच्या पत्नी सांगतात. दोन काठ्यांत ४ ते ६ अंशांचें अंतर असावें, एवढा हिशेब पुरे.

परंतु कलापेक्षांहि महत्त्वाची, आणि दुकानांत क्वचितच कोणी समजावून सांगतो अशी गोष्ट म्हणजे काठीचा तळ. स्वयंपाकघरांतलें उलथणें पाहावें. त्याची कड तव्याशीं फार उभी धरली तर धिरडें फाटतें. उलथणें किंचित् आडवें करून सरकवलें तर तें अलगद सुटून येतें. वेजच्या तळाचा मागला भाग पुढच्या कडेहून थोडा खालीं ठेवलेला असतो, तो याचसाठीं. जमिनीला आधीं तो लागतो आणि काठी रुतण्याऐवजीं सरकते. याला बाउन्स म्हणतात, तोहि अंशांतच. ४ ते ६ अंश म्हणजे कमी, १० ते १४ म्हणजे भरपूर.

ही युक्ति रूढ करणारा जीन साराझेन हा अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एका इटालियन सुताराचा मुलगा. विमान वर चढतांना त्याची शेपटी खालीं झुकते, हें पाहून आपल्याला ही कल्पना सुचली असें तो सांगे. त्यानें जुन्या काठीच्या तळाला डाखकामाचा धातु चढवून तो जाड केला, आणि तीच काठी घेऊन १९३२ सालीं इंग्लंडांतील सँडविच गांवाजवळ प्रिन्सेसच्या मैदानावर ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली. वाळूच्या खळग्याचें भय त्या वर्षापासून पुष्कळ ओसरलें.

नवशिक्याची काठी चेंडूच्या आधींच जमिनींत शिरते, म्हणून त्यानें सँड वेज १० ते १२ अंश बाउन्सचीच घ्यावी, असें माझें स्पष्ट मत आहे. आषाढ-श्रावणांत आपल्याकडची जमीन लोण्यासारखी होते, तेव्हां तर हा जाड तळ देवासारखा धांवून येतो. वैशाखांत तीच जमीन फरशीसारखी कडक झाली म्हणजे तो थोडा उसळतो खरा; अशा वेळीं चेंडू वर उडवण्याचा हट्ट सोडून ५० अंशांच्या काठीनें तो जमिनीलगत धांवडवावा.

राहिली ६० अंशांची लॉब वेज. दूरचित्रवाणीवर मोठे खेळाडू तिनें चेंडू आभाळांत उडवून भोंकाशेजारीं उतरवतात, आणि आमचा पुतण्या दुसऱ्याच दिवशीं दुकानांत जातो. एका नव्या नामांकित काठीला १०-१५ हजार रुपये सहज पडतात. आणि ही काठी अशी नाजूक, कीं इंचभर चूक झाली तर चेंडू एक तर जागच्या जागीं उडी मारतो, नाहीं तर हिरवळीपलीकडच्या झुडपांत जातो. पिशवींत १४ काठ्या ठेवण्याची मुभा आहे, म्हणून १४ ठेवल्याच पाहिजेत असें नाहीं. वर्षभर ५० व ५६ अंशांच्या दोनच काठ्यांवर हात बसवावा. त्या जुन्या बाजारांतून घेतल्या तरी चालतील, मात्र पात्यावरील खांचांतून नख फिरवून पाहावें. त्या गुळगुळीत झाल्या असतील तर ओल्या गवतांतून चेंडूला फिरकी मिळत नाहीं, आणि तो हिरवळीवर थांबत नाहीं.

शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वीं काठी एक दिवस मागून घ्यावी व गवतावर, थोड्या उतारावर आणि वाळूंत चालवून पाहावी. दुकानांतल्या गालिच्यावर रुततच नाहीं, त्यामुळें तेथें प्रत्येक काठी चांगलीच वाटते.