मागचं चाक

जुलैमधल्या एका रात्री साडेअकराला टेक्सासहून मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला माझ्याशी बोलायचंच नव्हतं. "काका जागे आहेत का?" एवढंच विचारलं. बाबा जागेच होते. गणपती दोन महिन्यांवर आले की ते झोपत नाहीत, नुसते पडून असतात.

भावाला पिकअप ट्रक घ्यायचा होता. मागे घराएवढा ट्रेलर जोडून मावशीला अमेरिका दाखवायची, असा बेत. तिकडे या ट्रेलरला 'फिफ्थ व्हील' म्हणतात. तो गाडीच्या बंपरला अडकवत नाहीत, ट्रकच्या हौद्यात खिळ्यासारखा बसवतात. प्रश्न हौद्याच्या लांबीचा होता. साडेपाच फुटी, साडेसहा फुटी की आठ फुटी? आठ फुटी त्याच्या गॅरेजमध्ये मावत नव्हता. बायको म्हणत होती, साडेपाचवालाच छान दिसतो.

बाबांनी आयुष्यात अमेरिका पाहिलेली नाही. दीड वर्ष गिरणीत बदली कामगार होते, १९८२ चा संप झाला आणि पुढची तीस वर्षं त्यांनी लालबागमधून टेम्पो चालवला. आमच्या मंडळाच्या ट्रॉलीचा दांडाही त्यांच्याच हातात असायचा. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "ट्रेलर वळताना त्याचा कोपरा कुठे येतो?"

भाऊ गप्प.

"खिळ्यापासून ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धर. गाडी काटकोनात वळली की तो कोपरा तुझ्या केबिनकडे येणार. मध्ये जागा उरली तर ठीक, नाहीतर काच गेली."

नंतर मी शोधून पाहिलं, तर प्रकरण नेमकं हेच आहे. हे ट्रेलर साधारण साडेआठ फूट रुंद असतात, म्हणजे मधल्या खिळ्यापासून बाजू सव्वाचार फुटांवर. खिळा ट्रकच्या मागच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे बसवावा लागतो. आसाच्या मागे बसवला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. आठ फुटी हौद्यात तिथून केबिनपर्यंत पुरेशी जागा मिळते. आखूड हौद्यात मिळत नाही, म्हणून वळताना मागे सरकणारा खिळा बसवतात, नाहीतर पुढचे कोपरे कापलेला ट्रेलर घेतात. आणि 'पाचवं चाक' हे नाव घोडागाडीच्या काळातलं. पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवी चकती असायची, ते पाचवं.

"म्हणजे आपल्या ट्रॉलीची चकती," बाबा म्हणाले. "नवीन काय सांगतोय हा?"

आमच्या ट्रॉलीला खरंच तशी चकती आहे. चार चाकं, पुढच्या आसावर फिरती चकती, तिला जोडलेला लोखंडी दांडा. गल्लीत माणसं ढकलतात आणि दांडेकरी वळवतो. मोठ्या रस्त्यावर आलं की ट्रक पुढे लागतो. सगळेजण दांड्याकडे बघतात, कारण वळण तिथून सुरू होतं. मागच्या चाकाकडे कोणी बघत नाही.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल.

गिरगावात केशवजी नाईक चाळीचा गणपती १८९३ पासून बसतो. मूर्ती लहान, आणि ती पालखीतून जाते. त्यांना ट्रॉलीचा प्रश्नच नाही. आमच्या लालबागची तऱ्हा वेगळी. गणेश गल्लीत १९७७ साली २२ फुटांची मूर्ती उभी राहिली आणि मग सगळ्यांच्याच माना वर झाल्या. करोनाच्या दोन वर्षांत सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची मर्यादा होती. आम्ही बाप्पाला हातगाडीवर नेलं आणि रडलो. २०२२ ला मर्यादा उठली. २०२३ ला पोरांनी ठरवलं, यंदा कसर काढायची.

तेव्हा मी मंडळाचा सहखजिनदार होतो. लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत नोकरी, हातात एक्सेल शीट. बैठक मोठी, म्हणून ट्रॉली लांब हवी, एवढाच हिशोब मी केला. ट्रॉली भाड्याने देणाऱ्याकडे दोन होत्या. लांब ट्रॉलीचं भाडं उलट कमी होतं. ते का कमी आहे, हे मी विचारलं नाही. बाबांनाही विचारलं नाही. ते त्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यांना विचारायचं नव्हतं.

विसर्जनाच्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी पुढची चाकं सुंदर वळली. ढोल वाजत होता, गुलाल उडत होता. मागचं डावं चाक आतून कापत थेट फूटपाथवर चढलं. मूर्ती उजवीकडे कलली. किती कलली ते सांगता येणार नाही, कारण त्या क्षणी मी डोळे मिटले होते. माझा बालमित्र लाकडी ठोकळा घेऊन चाकाखाली घुसला. ट्रॉली थांबली. ठोकळा थोडा सरकला आणि चाक त्याच्या पायावर आलं.

त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. मिरवणूक पुढे गेली. आम्ही भायखळा, क्लेअर रोड, नागपाडा, दोन टाकी, सी. पी. टँक असं करत पहाटे चौपाटीवर पोचलो, आणि त्या अख्ख्या वाटेवर मला एकही गाणं ऐकू आलं नाही.

बाबा रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. आठवडाभराने रात्री एक वाजता गल्ली रिकामी झाल्यावर ते खडू, सुतळी आणि काठी घेऊन खाली उतरले. रस्त्यावर वळण काढलं. "पुढचं चाक या गोलावर. आता मागचं बघ." दोन आसांमधलं अंतर आठ फूट धरलं तर मागचं चाक सव्वा-दीड फूट आत येत होतं. बारा फूट धरलं तर सव्वातीन फूट. गोलाची त्रिज्या दोन्ही वेळा तीच, २४ फूट. लांबी दीडपट आणि कापणं जवळजवळ अडीचपट. मला हे वर्गमुळाने सोडवता आलं असतं, बारावीला गणितात चांगले मार्क होते. बाबांनी ते रस्त्यावर उकिडवं बसून, सुजलेल्या गुडघ्याने दाखवलं.

यंदा पुन्हा तोच वाद. मूर्तीची बैठक नऊ फुटांची. लांब ट्रॉलीवर आरामात बसते. आखूड ट्रॉलीवर मागे दीड फूट बाहेर येते, आणि वजन मागच्या आसाच्या मागे गेलं तर पुढचा दांडा हलका होऊन हातातून सुटतो. आखूड ट्रॉली पुलाच्या चढावर मागेही झुकू शकते. करी रोड आणि चिंचपोकळीच्या पुलांवर एका वेळी १६ टनांहून जास्त भार नको, अशी पालिकेची सूचना असते, म्हणजे तिथे गर्दी कमी करून, न नाचता, सावकाश जायचं. एका बाजूला गल्लीचं वळण, दुसऱ्या बाजूला पुलाचा चढ. पोरं लांब ट्रॉलीच्या बाजूची, आणि त्यांचं सगळंच चूक नव्हतं.

शेवटी आखूडच घेतली. मूर्तिकाराने मधला लोखंडी सांगाडा सहा इंच पुढे घेतला, म्हणजे भार आसाच्या पुढे राहिला. उंची दोन फूट कमी करायला लागली. मीटिंगमध्ये त्यावर जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

आगमनाच्या आदल्या रात्री रिकामी ट्रॉली वळवून पाहिली. दांडा आता माझ्या हातात. बाबा खुर्चीवर. मागच्या डाव्या चाकापाशी ठोकळा घेऊन तोच मित्र उभा, मी नको म्हटलं तरी. "तू पुढे बघ," तो म्हणाला, "मागचं माझं." ट्रॉली वळली. फूटपाथ आणि चाकाच्या मध्ये दोन विती जागा राहिली. त्याने हात घालून मोजली.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. भावाने आठ फुटी हौद्याच्या ट्रकचा फोटो पाठवला होता. गॅरेजचं दार अर्धवट उघडं आणि ट्रकचं तोंड बाहेर. बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला आणि बोलून मेसेज पाठवला, "ट्रेलर लाव. मग पूर्ण वळव आणि कोपऱ्याचा फोटो पाठव."