वाईचा वाडा आणि सहा तापमापकें

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना खंबाटकीचा घाट ओलांडला, कीं सुरूर फाट्यावरून उजवीकडे वाईचा रस्ता लागतो. पसरणीचा डोंगर दृष्टीस पडतांच आमच्या मनास आपोआप गारवा वाटूं लागतो; कारण कृष्णाकांठच्या वडिलोपार्जित वाड्यांत वैशाखांतील पंधरा दिवस घालविण्याचा आमचा नेम फार वर्षांचा आहे. दगडी जोत्यावर दोन हात रुंदीच्या विटामातीच्या भिंती, पुढें ओसरी, मध्यें माजघर, शेजारीं देवघर, मागें स्वयंपाकघर व परसूं. माडीवर एकच खोली; तिचीं कौलें गळूं लागल्यामुळें तीवर पत्रे घातले आहेत. "आमच्या वाड्यांत पंखा लागत नाहीं," असें आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यास अभिमानानें सांगत असूं.

यंदा पुतण्यानें सहा तापमापकें आणलीं. प्रत्येक आगपेटीहून किंचित् मोठें. आंत नाण्यासारखी चपटी बॅटरी. तार कोठेंच नाहीं. दर पांच मिनिटांनीं आपला आंकडा तें बिनतारी लहरींनीं माजघरांतील लहानशा संगणकास कळवितें, व तो वेळेसह नोंदला जातो. म्हणजे अहोरात्रांत प्रत्येकाच्या २८८ नोंदी! पहिल्या रात्रीं सहाही तापमापकें एका सुपांत शेजारीं शेजारीं ठेवलीं. एक ०.४ अंश अधिक दाखवी. तेवढें वजा करण्याचें ठरलें. मग ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, माडी व परसूं अशीं सहा ठिकाणीं तीं छातीइतक्या उंचीवर, उन्हापासून व भिंतीपासून दूर टांगलीं. परसांतील तापमापकाचा निरोप मातीच्या जाड भिंतींतून पोंचेना, म्हणून संगणक मागील खिडकीजवळ हलवावा लागला.

आठ दिवसांनीं आलेख पाहिला. दुपारीं तीन वाजतां परसांत सावलींत ३९ अंश, तर माजघरांत अवघे ३१. जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश पिते व रात्रीं सावकाश सोडते, हें आम्हीं वर्गांत शिकविलेलें तेथें रेघांनीं लिहिलें होतें. आम्ही प्रसन्न झालों.

"काका, आतां ही रेघ पाहा," पुतण्या म्हणाला. ती माडीची होती. दुपारीं ४३, आणि रात्रीं दहा वाजतां, बाहेर २९ असतांना, तेथें ३५! पत्रा तापला कीं खोलींतील लांकूडसामान व भिंतीही तापतात, आणि मागील बाजूस झरोका नसल्यामुळें ती ऊब कोंडून राहते.

त्या खोलींत आमच्या वहिनी निजतात. एरवीं त्यांचें अंथरूण माजघरांत असतें. आम्ही सहकुटुंब आलों कीं त्या तें उचलून वर नेतात. स्वयंपाकघराच्या रेघेवरही सकाळीं अकरा वाजतां ३७ चें शिखर होतें. तेंही बहुतांशीं आमच्याच पानांसाठीं. ज्या गारव्याची आम्ही इतकीं वर्षें वाखाणणी केली, तो ज्यांनीं आम्हांस दिला त्यांच्या वांट्यास आलाच नव्हता.

"वहिनी, आपण कधीं बोललां नाहींत?" आम्हीं विचारलें.

"भावोजी, दरवर्षीं जातांना आपण म्हणतां, 'घर किती गार आहे!' त्यावर मी काय बोलणार?" एवढें बोलून त्या तांदूळ निवडूं लागल्या.

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्याच रात्रीं त्यांचें अंथरूण माजघरांत आलें व आम्ही ओसरीवर निजलों. दुसऱ्या दिवशीं पत्र्यावर चुन्याचे दोन पांढरे हात दिले, खालून बांबूच्या तट्ट्या बांधल्या, व माडीच्या मागील भिंतींत झरोका पाडविला. स्वयंपाकघरांत गरम हवा बाहेर ओढणारा पंखा बसविला. पुढील चार दिवसांच्या नोंदींत माडीची दुपार ३७ वर आली व रात्र बाहेरच्या हवेच्या जवळ पोंचली. स्वयंपाकघर मात्र दोनच अंश उतरलें. तेव्हां सकाळचा स्वयंपाक उन्हें चढण्यापूर्वीं उरकावा, व त्यांत आम्हीं पुरुषांनींही हात लावावा, असें ठरलें.

वाचकांपैकीं कोणी हा प्रयोग करणार असतील, तर त्यांस एवढेंच सुचवितों: पहिलें तापमापक बैठकीच्या खोलींत लावूं नये. घरांत जें माणूस सर्वांत कमी बोलतें, तें जेथें राबतें व जेथें निजतें, तेथें प्रथम लावावें.