गच्चीवरची व्हिस्की-एस्प्रेसो

शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसमधून सोलापूर स्टेशनवर उतरलो, तेव्हा सगळ्यात आधी भेटली ती गरम हवा. मे महिना, दुपारी पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला. मित्र बाइक घेऊन उभाच होता. पुण्यातली आयटीची नोकरी सोडून वर्षभरापूर्वी तो घरी परतला, वडिलांचा टॉवेलचा कारखाना बघायला. ‘‘मशीनचा खडखडाट आवडायला लागलाय रे,’’ तो म्हणाला, ‘‘पण पुण्यातली ती व्हिस्की-एस्प्रेसो जाम मिस करतो.’’ झालं, वीकेण्डचा प्लॅन ठरला!

आता एस्प्रेसो मशीन कुठून आणायचं? खरी एस्प्रेसो म्हणजे साधारण ९ बार दाबाखाली अर्ध्या मिनिटात काढलेली ३० मिली कॉफी. पण बॉस, हे सोलापूर आहे, कर्नाटकच्या सीमेवरचं. इथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू ऐकू येतं. शेजारच्या कन्नड काकूंकडे पितळी फिल्टर मिळाला. ‘‘पाहुणे आलेत का?’’ त्यांनी विचारलं. आम्ही नुसते हसलो. पावडर मात्र बिनचिकोरीची घ्या. तीन चमचे पावडर हलकी दाबायची, वर थोडंसंच उकळतं पाणी ओतायचं आणि अर्धा तास विसरून जायचं. खाली मिळतं ते झकास, दाट डिकॉक्शन.

व्हिस्कीची एक गंमत सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याचशा स्वस्त व्हिस्कीत उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं, त्यात थोडं माल्ट मिसळतात. युरोपात असल्या पेयाला व्हिस्की म्हणता येत नाही. आणि सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने किती, ते सांगायला नको. म्हणजे लेबल साहेबी, पण मूळ गाव माढा नाहीतर माळशिरस असू शकतं! कॉफीत तिची धार बोथट होते. बंगळुरूची किंवा गोव्याची चांगली सिंगल माल्ट असेल, तर ती नुसतीच प्या. कॉफीत बुडवणं हा गुन्हा आहे. (महाराष्ट्रात वय २५ पूर्ण हवं आणि परमिटही लागतं, बरं का.)

माप सोपं आहे. एका ग्लासाला ६० मिली व्हिस्की, ३० मिली डिकॉक्शन, १५ मिली साखरेचा पाक आणि भरपूर बर्फ. शेकर नव्हता, म्हणून रुंद तोंडाची स्टीलची बाटली घेतली. पहिल्या वेळी डिकॉक्शन गरमच ओतलं. बर्फ विरघळून सगळं पाणचट! दुसऱ्या वेळी ते आधी फ्रिजमध्ये गार केलं. झाकण घट्ट लावून पंधरा सेकंद जीव खाऊन हलवायचं. बाटली इतकी थंड होते की हातात धरवत नाही. ती गुंडाळायला कारखान्यातलाच टॉवेल होता. मग चहाच्या गाळणीतून ग्लासात. फेस मशीनच्या कॉफीइतका जाड येत नाही, पण येतो. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कॅफिनमुळे चढलेली कळत नाही, म्हणून एकच ग्लास, आणि बाइकची किल्ली आधीच घरात.

पहिला घोट घेतला आणि जिन्यात चपला वाजल्या. काका! त्यांच्यासमोर या घरात बाटली कधीच निघाली नव्हती. मित्र ग्लास हातात धरून गोठलेला. काकांनी तो काढून घेतला, वास घेतला, एक घोट घेतला.

‘‘कॉफी जास्त झालीय.’’

मग बाटलीभोवतीचा टॉवेल सोडवून गच्चीवरच्या दिव्याखाली धरला. ‘‘हे बघ, लूप सुटलेत. हा लॉट एक्स्पोर्टला जाऊ द्यायचा का, तू ठरव.’’

मित्र टॉवेलवर वाकला. ग्लास काकांच्याच हातात राहिला.