डाळीच्या डब्यातली बँक

परवा भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची जुडी घेतली. फोन पुढे केला, स्कॅन केलं, 20 रुपये पाठवले. त्याच्या गाडीवरच्या डबीने अख्ख्या बाजाराला ओरडून सांगितलं, वीस रुपये मिळाले म्हणून. त्याचं मला काही नाही. पण घरी येऊन चप्पल काढते तोच आमच्या ह्यांनी विचारलं, ‘आत्ता वीस रुपयांचं काय घेतलंस गं?’

ह्यांच्या मनात काही नसतं हं. क्रिकेटचा स्कोअर ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात हेही विचारतात. खातं दोघांच्या नावावर आहे, मेसेज मात्र एकाच फोनवर येतो. तो कुणाच्या, हे तुम्हाला सांगायला नको. मग माझी पाणीपुरी, मैत्रिणीसोबतचा चहा, पार्लर, भावाच्या मुलीला दिलेला खाऊ, सगळं ‘टिंग’ करून ह्यांच्या खिशात वाजतं.

अशा वेळी मला आईची बँक आठवते.

8 नोव्हेंबर 2016. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टीव्हीवर सांगितलं की, पाचशे आणि हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद. बाबा खूश झाले. म्हणाले, ‘बरी जिरली एकेकाची! आपल्याकडे कुठे काय आहे?’ आई काही न बोलता उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मला फोन. आवाज इतका बारीक, की मला वाटलं घरात कुणी आजारी आहे. ‘तुझ्या खात्यात थोडे भरता येतील का?’ थोडे म्हणजे किती? तर 43,500. तुरीच्या डाळीच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या फळीखाली, लग्नातल्या शालूच्या घडीत. नोटांना हिंगाचा वास येत होता. पण मी दुसऱ्या गावी, माझं खातं तिसरीकडे, आणि बँकेबाहेर रांगा अशा की विचारू नका. शेवटी तिला बाबांना सांगावंच लागलं.

बाबा रागावले नाहीत. हसले. ‘घरातच चोर निघाला की!’ पुढची दोन वर्षं प्रत्येक लग्नकार्यात हा किस्सा झाला आणि आईही पदर तोंडाला लावून हसायची. तेव्हा तर बायकांच्या डब्यांवर देशभर विनोद फिरत होते. तुम्हीही चार-दोन पुढे पाठवले असतील. मीही पाठवले.

ते पैसे कशासाठी होते, हे मात्र कुणी विचारलं नाही. मला माहीत होतं. माझ्या कॉम्प्युटरच्या क्लासला बाबा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाले होते, तेव्हा फी त्याच डब्यातून आली होती. मावशी एका रात्री सासरहून निघून आली, तेव्हा तिचे पहिले दोन महिने त्याच डब्याने काढले. या डब्याला पासबुक नव्हतं, पण कुणाची परवानगीही लागत नव्हती.

43,500 रुपये दोघांच्या खात्यात गेले आणि उन्हाळ्यात गच्चीच्या दुरुस्तीला लागले. घरासाठीच लागले, तक्रार कसली करणार? आईने मग पुन्हा पैसे साठवायला घेतले नाहीत. ‘आता कशाला,’ एवढंच म्हणाली.

गंमत म्हणजे सरकार तिच्याशी जास्त समजुतीने वागलं. नोटाबंदीत अडीच लाखांपर्यंत भरणाऱ्या गृहिणींच्या मागे लागणार नाही, असं तेव्हाच सांगितलं गेलं. 2021 मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठानेही तसाच निकाल दिला: गृहिणीने साठवून भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम अघोषित उत्पन्न धरता येणार नाही. आमच्या घरातला ‘चोर’ हा शब्द मात्र कुणी मागे घेतला नाही.

जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती नागरत्ना यांनी पोटगीच्या एका निकालात लिहिलं की, नवऱ्यांनी गृहिणीला पैशाचा आधार द्यावा, जॉइंट खातं काढावं, एटीएम कार्ड तिच्याही हाती द्यावं. मी ते नाश्त्याच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, ‘बघ, आपण किती पुढे आहोत. आपलं जॉइंटच आहे!’

तुम्ही म्हणाल, मग वेगळं खातं काढ की बाई. काढायला गेले होते. माझं जुनं, नोकरीच्या वेळचं खातं झोपलं होतं, त्याला जागं करायला. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पाहिला आणि गोड आवाजात विचारलं, ‘मॅडम, मिस्टरांचा मोबाइल नंबर?’ सवयीने मी सांगूनही टाकला! आता बोला.

पुढाऱ्यांना मात्र बायकांच्या खात्याचं महत्त्व बरोबर कळलंय. मध्य प्रदेशात 2023 मध्ये लाडली बहना, महाराष्ट्रात 2024 मध्ये लाडकी बहीण, दरमहा 1500. कर्नाटकात घरातल्या कर्त्या बाईला 2000. बिहारमध्ये 2025 च्या निवडणुकीआधी एकदम 10,000. नात्याचा हा उमाळा निवडणुकीच्या सुमारासच का येतो, हे मी विचारत नाही. भावाला भाऊबीज कधी आठवावी हा त्याचा प्रश्न. तमिळनाडूने तेवढं योजनेच्या नावात ‘हक्काची रक्कम’ म्हटलंय, बहीण वगैरे नाही. मला ते आवडलं.

मीही आधी चारचौघींसारखी म्हणायचे, कशाला हे फुकटचे पैसे, तिजोरीत खडखडाट आहे. तिजोरीची काळजी मला अजूनही वाटते. पण ‘फुकटचे’ हा शब्द आता अडखळतो. सरकारच्याच 2024 च्या वेळ-वापर पाहणीत बायका घरकामाला दिवसाचे 289 मिनिटं देतात आणि पुरुष 88. त्या 289 मिनिटांचं ‘टिंग’ कुणाच्याच फोनवर वाजत नाही.

‘लापता लेडीज’मध्ये मंजू माई फूलच्या हातावर तिच्या कामाचे पैसे ठेवते ना, अख्ख्या सिनेमात माझे डोळे तिथेच भरून आले. ह्यांना वाटलं, मला सर्दी झालीय.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना 2024 च्या ऑगस्टमध्ये पहिले दोन हप्ते एकदम आले, 3000. दोन दिवसांनी मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, ‘ताई, तुमच्याकडे ठेवाल का? घरी ठेवले तर सकाळपर्यंत राहायचे नाहीत.’ पदराच्या गाठीतून त्यांनी पाचशेच्या पाच नोटा काढल्या. सहावीची त्यांनी येतानाच स्वतःसाठी चप्पल घेतली होती. पाय पुढे करून दाखवली.

मी तुरीच्या डाळीचा डबा खाली काढला. नोटा पिशवीत गुंडाळल्या, डाळीत खोल खुपसल्या. मग काय वाटलं कोण जाणे, पर्समधून माझीही एक पाचशेची काढून शेजारी ठेवली. तेव्हापासून आम्हा दोघींचा भरणा चालू आहे. हिशेब मावशींच्या डोक्यात असतो आणि तो माझ्यापेक्षा चोख आहे.

तेवढं एक करा, हा लेख ह्यांना दाखवू नका. नाहीतर सगळं हरभऱ्याच्या डाळीत हलवावं लागेल. त्या डब्याकडे ते फिरकत नाहीत, त्यांना पुरणपोळी फक्त खाता येते.