तारेची ढील

ज्याने सारा जन्म शब्दरूपे आणि संधिनियम शिकविण्यात घालविला, त्याने मोटारीच्या दुरुस्तीविषयी लिहावयास बसावे, हे वाचकांस काहीसे विपरीत वाटेल. दोन महिन्यांपूर्वी मलाही तसेच वाटले असते. परंतु गेल्या श्रावणात आमच्या घरच्या गाडीची क्लचची तार तुटली, ती मी माझ्या हातांनी बदलली, आणि त्या तीन तासांत गाडीविषयी जितके शिकलो त्याहून अधिक स्वतःविषयी शिकलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी म्हणजे मारुती ८००. ह्या जातीच्या गाड्या १९८३च्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आल्या आणि २०१४च्या जानेवारीत त्यांचे उत्पादन थांबले. आमची गाडी थोरल्या बंधूंनी २००३ साली घेतली. बंधू जाऊन चार वर्षे झाली. पंधरा वर्षे उलटल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतन करून घ्यावी लागते, तीही आम्ही दोनदा केली. वहिनींच्या डोळ्यांदेखत ती गाडी विकावी असे घरात कोणाच्या मनात येत नाही.

शनिवारी सायंकाळी साताऱ्यात राजवाड्याजवळ मी गिअर बदलण्यासाठी पेडल दाबले, तो काहीतरी तुटल्याचा बारीक आवाज झाला आणि पेडल निर्जीवपणे खाली जाऊन बसले. गाडी दोन हिसके देऊन बंद पडली. चार भल्या माणसांनी ढकलून ती घरापर्यंत आणली. वस्तुतः तारेने सूचना दिली नव्हती असे नाही. महिनाभर पेडल जड लागत होते, आणि मागचा गिअर टाकताना खरखर होई. मी तिकडे दुर्लक्ष केले. तेव्हा दोष गाडीचा नव्हे, माझाच.

सोमवारी सकाळी आठ वाजता वहिनींच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली होती. आमचा नेहमीचा मेकॅनिक गावी गेलेला. रिक्षा मिळाली असती. नाही असे नाही. पण वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या गाडीतूनच जावे असे मनात होते हो." त्यापुढे मला बोलवेना.

घरात गाडीतले कळणारा एकच मनुष्य होता. तो म्हणजे वहिनींचा धाकटा मुलगा, आमचा बाळ. चाकणच्या एका कारखान्यात तो कामाला असतो. परंतु जिन्यावरून घसरून उजवे मनगट मोडल्यामुळे हात प्लास्टरमध्ये घालून रजेवर आला होता. त्याला विचारणे मला जड जात होते. त्याचे कारण सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी व्हावयाची नाही.

२००९ साली बाळ दहावीला गणितात नापास झाला. त्या दिवशी मी माजघरात, सर्व मंडळींच्या देखत, त्याला म्हणालो, "आपल्या घराण्यात आजवर हातात पाना धरणारा कोणी निपजला नाही. तो मान तू मिळव." तो काही बोलला नाही. पुन्हा परीक्षेला बसून पास झाला, आय. टी. आय.मध्ये दोन वर्षे मोटार मेकॅनिकचे काम शिकला, आणि आपल्या पायावर उभा राहिला. माझा मान त्याने कधी मोडला नाही. परंतु "काका, पाने वाढली आहेत" ह्यापलीकडे आमचे संभाषण क्वचितच गेले.

त्या रात्री मी त्याच्यापाशी जाऊन तार तुटल्याचे सांगितले. तो म्हणाला, "काका, माझा हात चालत नाही. मी सांगतो, तुम्ही करा. जमेल तुम्हाला."

रविवारी सकाळी सुट्या भागांच्या दुकानातून नवी तार आणली. बाळाने प्रथम जुनी व नवी तार शेजारी ठेवून लांबी आणि दोन्ही टोके ताडून पाहावयास सांगितली. जुनी हाती यावयाची असल्याने आधी ती काढणे आले. हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, बॅटरीचे ऋण टोक सोडविले. इंजिन गार होतेच.

काम करता करता मी विचारले, "बाळ, हे क्लच म्हणजे नेमके काय?" तो क्षणभर थांबून म्हणाला, "तुमच्याच भाषेत सांगायचे तर संधी आणि विग्रह." इंजिन सुरू आहे तोवर त्याचे जड चक्र फिरत असते. त्याला खेटून एक घर्षणाची तबकडी असते. तिच्यामार्फत इंजिनाचा जोर गिअरपेटीत व पुढे चाकांपर्यंत जातो. एक बळकट स्प्रिंग ह्या दोहोंना घट्ट दाबून धरते, हा संधी. पेडल दाबले की तार ओढली जाते, गिअरपेटीवरील लहान दांडी फिरते, एक बेअरिंग त्या स्प्रिंगेला रेटते आणि तबकडी मोकळी होते, हा विग्रह. तेवढ्या अवकाशात गिअर बदलावयाचा. पस्तीस वर्षांत संधिविग्रहाचे इतके नेटके उदाहरण मी वर्गात दिले नव्हते.

तारेची रचनाही त्याने दाखविली. आत पोलादाच्या अनेक बारीक तंतूंचा पीळ, बाहेर सर्पाकार वेढ्यांचे कवच. अर्नेस्ट बाउडन ह्यांनी १८९६ साली इंग्लंडात ह्या रचनेचे पेटंट घेतले. सायकलच्या ब्रेकची तार तिचीच धाकटी बहीण. आतली तार ओढ सोसते, तर बाहेरचे कवच तितकाच दाब सोसून जागच्या जागी उभे राहते; म्हणूनच वळणावळणांतून नेली तरी ओढ दुसऱ्या टोकाला पोहोचते. आमची तार पेडलच्या आकड्यापाशी तुटली होती. टोकाचे कित्येक तंतू गंजलेले होते. म्हणजे ती एका दिवशी तुटली नव्हती. एकेक तंतू तुटत गेला होता, आणि शेवटच्या तंतूचा आवाज तेवढा मला ऐकू आला होता.

गिअरपेटीकडील टोकाचा नट सैल करून तार दांडीतून काढली, कवच खोबणीतून सोडविले. मग गाडीत शिरून, मान वाकडी करून, पेडलच्या वरच्या आकड्यातून तुटका तुकडा काढला आणि पत्र्यातून तार जेथे आरपार जाते तेथील बांधणी सोडली. साठी उलटलेल्या कंबरेने तेथे बराच निषेध नोंदविला. माझ्या हातून पाना दोनदा निसटला, बोट सोलले. बाळाने एकदाही "अहो, असे नव्हे" म्हटले नाही. तो एवढेच म्हणे, "काका, थोडे थांबा, पुन्हा पाहा." माझ्या वर्गात हे वाक्य मी कितीदा उच्चारले असेन, ते आठवून पाहिले, फारसे आठवले नाही.

दोन्ही तारा सारख्या भरल्या. जुनी ज्या मार्गाने गेली होती त्याच मार्गाने, कोठे एकदम मुरड पडू न देता आणि तापणाऱ्या नळ्यांपासून दूर ठेवून, नवी ओवली. आकड्याला ग्रीस लावले. शेवटी नट आवळू लागलो. माझ्या मते काम चोख व्हावयाचे म्हणजे तार ताठ हवी. म्हणून मी आवळीत गेलो. बाळाने डाव्या हाताने पेडल दाबून पाहिले आणि म्हणाला, "काका, फार ताणलीत. थोडी ढील ठेवा."

"ढील कशाला? सैल काम ते काम का?"

"सुरुवातीला बोटभर तरी पेडल मोकळे चालले पाहिजे. गाडीच्या पुस्तकात माप दिलेले असते. फार ढील राहिली तर तबकडी पुरती सुटत नाही, गिअर खरखरतात. पण अजिबात ढील नसली, तर वरून पाय काढला तरी दाब राहतोच. तबकडी धड धरत नाही, घसरत राहते आणि जळते."

मी पाना हातात धरून तसाच उभा राहिलो. पतंगाला ढील द्यावी लागते हे लहानपणी कळत होते. पुढे मास्तर झाल्यावर ते मी विसरलो. मुले नियमांनी आवळली म्हणजे घडतात, हा माझा सिद्धान्त. त्या दिवशी माजघरात मी ह्या मुलाला बोटभरही जागा ठेवली नव्हती. आणि पाय काढल्यावरही, इतकी वर्षे, तो दाब राहिलाच होता.

नट काही आटे सैल केला. बाळाच्या सांगण्यावरून कवचाची टोके नीट बसावीत म्हणून पेडल वीसेक वेळा दाबले, ढील पुन्हा मोजली, किंचित सुधारली. बॅटरी जोडून इंजिन सुरू केले, पेडल दाबून क्षणभर थांबलो आणि मागचा गिअर टाकला. खरखर नाही. वहिनी ओसरीवरून पाहत होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले. मोतीबिंदूचे पाणी असेल, असे आम्ही दोघांनीही मानले.

हात धुताना मी म्हणालो, "बाळ, दहावीच्या वेळी मी जे बोललो ते बोलावयास नको होते. तेव्हा मला कळत नव्हते." त्याने माझ्या सोललेल्या बोटाकडे पाहिले, आत जाऊन हळदीची पूड आणली आणि म्हणाला, "काका, पुढल्या खेपेस ब्रेकचे पॅड शिकवतो."

सोमवारी साडेसातला आम्ही निघालो. वहिनी मागे, बाळ माझ्या शेजारी. शस्त्रक्रिया निर्वेध पार पडली. परतताना उतारावर गिअर बदलताना पेडल आधी बोटभर मोकळे गेले आणि मग लागले. तेवढे अंतर पायाला दर खेपेस जाणवते, आणि मी ते मुद्दाम जाणवून घेतो.