शून्य डॉलरची सहल

बँकॉकमध्ये पर्यटक काय बघतो हे कळायला राजवाड्याच्या दारात उभं राहावं, आणि त्याचा पैसा कुठे जातो हे कळायला दुपारी त्याची बस कुठे वळते ते बघावं. बँकॉक, पट्टाया, फुकेत आणि चियांग माय असा माझा हा प्रवास त्या दुसऱ्या गोष्टीच्या मागावर होता. राजवाड्याचं तिकीट परदेशी माणसाला 500 बात पडतं. निदान तेवढे तरी थायलंडच्या पदरात पडतात. उंच काठीला झेंडा बांधून चालणारा गाईड, त्याच्यामागे एकाच रंगाच्या टोप्यांची रांग आणि त्या रांगेला लागलेली घाई. चिनी गटांबद्दलची तक्रार इथेच सुरू होते आणि बहुतेकांची इथेच संपते. मोठ्यानं बोलतात, रांग मोडतात, बुफेत ताटं भरभरून घेतात आणि टाकतात. 2015 मध्ये चियांग रायच्या पांढऱ्या मंदिरात स्वच्छतागृहांच्या घाणीवरून चिनी पर्यटकांना काही काळ दार बंद झालं होतं. या तक्रारीत खोटं काही नाही, पण ती वरवरची आहे. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस कुठल्याही देशाचा असला तरी थोडा गोंधळतो, थोडा गोंगाट करतो. त्याची मुलं तसं करत नाहीत. पैशाची वाट मात्र एकदा पडली की पिढी बदलली तरी बदलत नाही.

ही वाट पडली ती आकड्यांच्या जोरावर. 2012 च्या अखेरीस ‘लॉस्ट इन थायलंड’ हा विनोदी चित्रपट चीनमध्ये आला आणि तुफान चालला. त्या वर्षी 28 लाखांच्या आत असलेली थायलंडमधल्या चिनी पर्यटकांची संख्या पुढच्या वर्षी 46 लाखांवर गेली. सगळं श्रेय चित्रपटाचं नाही. चीनमधला मध्यमवर्ग तेव्हा पासपोर्ट काढू लागला होता आणि त्याच्या गावांहून थेट विमानं सुरू होत होती. चित्रपटात दिसलेल्या चियांग मायमध्ये विद्यापीठाच्या आवारात पर्यटक इतके लोटले की त्यांच्यासाठी वेगळं तिकीट आणि वेगळी गाडी ठेवावी लागली. 2019 मध्ये थायलंडला आलेल्या जवळपास चार कोटी परदेशी पाहुण्यांपैकी एक कोटी दहा लाखांच्या आसपास चिनी होते. चौघांतला एक.

गटांच्या धंद्याचा कणा असलेल्या प्रकाराला थाई भाषेत ‘सून रियान’ टूर म्हणतात. मराठी कानाला भलतंच ऐकू येतं, पण हे ‘सून’ म्हणजे आपलंच संस्कृत शून्य, उच्चारात झिजलेलं. आणि ‘रियान’ म्हणजे नाणं, डॉलर. शून्य डॉलरची सहल. चीनमधली एजन्सी पाच-सहा दिवसांचा थायलंड जेमतेम विमानाच्या तिकिटाएवढ्या पैशात विकते. हॉटेल, जेवण, बस यांच्यासाठी थायलंडमधल्या ऑपरेटरला ती छदामही देत नाही. कित्येकदा तो ऑपरेटरच माणशी पैसे मोजून गट विकत घेतो. म्हणजे विमानतळाबाहेर पाऊल टाकणारा प्रत्येक पाहुणा वहीत तोट्याच्या बाजूला मांडलेला असतो. हा तोटा भरून निघतो दुकानात. पट्टायाच्या वाटेवर अशी दुकानं ओळखायला सोपी असतात: बाहेर दहा-बारा बस मावतील एवढं आवार, पाटी आधी चिनी लिपीत, आणि रस्त्यावरून सहज आत शिरणारं गिऱ्हाईक नाही. आत लेटेक्सच्या उशा. एक उशी मधोमध कापून ठेवलेली असते, आतली मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसावीत म्हणून. दुसरी हातानं दाबून सोडायची, ती फुगून पूर्ववत होते. आणि विकत घेतली की हवा काढून पातळ पुडकं करून देतात, सूटकेसमध्ये मावावं म्हणून. पुढच्या दालनात पाकोळीची घरटी, मगरीचं कातडं, रत्नं. भाव बाहेरच्या बाजारापेक्षा कितीतरी चढे, आणि त्यातला मोठा हिस्सा कमिशन म्हणून ऑपरेटरकडे आणि गाईडकडे जातो. गाईडला पगार नसतो. गटानं खरेदी केली नाही तर नुकसान त्याचं. मग बसमध्ये त्याचा आवाज चढतो, आणि ज्याला आपण उद्धट पर्यटक समजतो तो खरं तर दुकानात कोंडलेला माणूस असतो.

चीन सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. 1 ऑक्टोबर 2013 पासून लागू झालेल्या तिथल्या पर्यटन कायद्यानं खर्चापेक्षा कमी किमतीत सहल विकायला आणि खरेदीची सक्ती करायला बंदी घातली. धंदा थांबला नाही, त्यानं कागद बदलले. 2016 च्या सप्टेंबरात थायलंडनं हात उगारला आणि पोलिसांनी दोन हजारांहून अधिक टूर बस जप्त केल्या. पुढच्या ऑगस्टमध्ये फौजदारी न्यायालयानं त्या प्रकरणातल्या आरोपींना निर्दोष सोडलं. मला यात आश्चर्य वाटत नाही. स्वस्तात सहल विकणं, दुकान चालवणं, कमिशन देणं, बस भाड्यानं देणं, यांतली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिच्यात गुन्हा दाखवणं कठीण. जे खटकतं ते या चारांच्या जोडणीत, आणि जोडणीला हातकड्या घालता येत नाहीत.

फुकेतला हीच जोडणी समुद्रावर दिसते. थायलंडच्या कायद्यानुसार सहलींच्या व्यवसायात निम्म्याहून अधिक भागीदारी थाई माणसाची हवी, आणि गाईडचं काम तर फक्त थाई नागरिकांसाठी राखीव. त्यातून पळवाट निघाली: कागदावर थाई मालक, गल्ल्यावर चिनी माणूस, बसमध्ये पुढे गप्प बसलेला परवानाधारक थाई गाईड आणि माईक दुसऱ्याच्याच हातात. अशा मुक्या गाईडला तिथे नावच पडलं आहे, ‘सिटिंग गाईड’. 5 जुलै 2018 ला ‘फिनिक्स’ ही बोट फुकेतजवळ वादळात बुडाली आणि 47 चिनी पर्यटक गेले. खराब हवेचा इशारा असताना ती समुद्रात होती. उपपंतप्रधान प्रवित वोंगसुवान यांनी हे चिन्यांनीच चिन्यांचं केलं अशा अर्थाचं विधान केलं आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. बोटीमागे नामधारी मालकीचा संशय होता, तपासही झाला. पण बोटीला समुद्रात जाऊ देणारं बंदर थायलंडचंच होतं. नामधारी मालक नाव उसनं देतो तेव्हा त्याचे पैसे तोही घेतोच.

यावर पहिला आक्षेप पोटापाण्याचा असतो. बसचालक, हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बायका, बोटीवरचे पोरगे यांचं घर याच गटांवर चालतं. आक्षेप खरा आहे, आणि 2020 नंतर तो अंगावर आला. चीनबाहेरचा पहिला निश्चित कोविड रुग्ण 13 जानेवारी 2020 ला थायलंडमध्येच सापडला, वुहानहून आलेली पर्यटक. त्यानंतर धंदा आडवा झाला आणि सगळ्यात आधी हीच माणसं उपाशी राहिली. म्हणूनच गट बंद करा असं मी म्हणत नाही. पण शून्य डॉलरच्या साखळीत याच लोकांच्या वाट्याला सगळ्यात कमी येतं: हॉटेलची खोली घासाघीस करून पडलेल्या भावात, जेवण ठरलेल्या एकाच मोठ्या हॉलमध्ये, आणि कोपऱ्यावरच्या नूडलवालीकडे कुणी फिरकतच नाही. दुसरा आक्षेप, ही चीनची नुसती निंदा आहे. असं म्हणणाऱ्यानं बँकॉकच्या चायनाटाऊनला, याओवाराटला जाऊन यावं. 1782 मध्ये राजवाडा बांधायला जागा हवी म्हणून त्या जागेवरची चिनी वस्ती याओवाराटशेजारच्या साम्पेंगला हलवली, तेव्हापासून ती तिथे आहे. बँकॉक राजधानी होण्याआधी राज्य करणाऱ्या राजा ताकसिनचे वडीलही चिनीच. चिनी माणूस या देशाला परका कधीच नव्हता. परकी आहे ती वरून येऊन वरूनच निघून जाणारी पैशाची पाइपलाइन. आणि ती फक्त चिनी नाही हेही मान्य. सगळं आगाऊ भरून रिसॉर्टच्या आवाराबाहेर न पडणारा युरोपीय पाहुणा फार वेगळं करत नाही. त्याच्यामागे एवढ्या बस नसतात, म्हणून तो डोळ्यांवर येत नाही, एवढंच.

फरक पाहायचा असेल तर बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीच्या पलीकडे, वाट अरुण मंदिराच्या गल्लीत जावं. एकेकट्या किंवा दोघी-दोघी आलेल्या चिनी मुली तिथे थाई पोशाख भाड्यानं घेतात: खांद्यावरून तिरपा सोडलेला सबाई, कमरेला सोनेरी पट्टा, केसांत फुलं माळून देणारी बाई वेगळी, फोटो काढणारा वेगळा. तासाभरात चार-पाच जणांचे हात लागतात आणि पैसे त्याच गल्लीत मुरतात. देश तोच, भाषा तीच; बदलली आहे फक्त सहलीची बांधणी. मला वाटतं, सगळ्या वादाचा निकाल या गल्लीतच लागतो.

थाई सरकारनं मात्र डोकी मोजणं सोडलेलं नाही. व्हिसामाफीनंतरची पहिली चिनी मंडळी 25 सप्टेंबर 2023 ला उतरली तेव्हा त्यांच्या स्वागताला पंतप्रधान स्रेथा थाविसिन स्वतः सुवर्णभूमी विमानतळावर होते. 2024 मध्ये चिनी पर्यटक 67 लाखांपर्यंत आले. मग 2025 च्या जानेवारीत वांग शिंग या चिनी अभिनेत्याला थायलंडमार्गे म्यानमारच्या फसवणूक-अड्ड्यावर नेल्याची बातमी चीनभर पसरली, लोकांनी तिकिटं रद्द केली आणि वर्षअखेर आकडा 45 लाखांच्या आसपास घसरला. पुन्हा काळजी सुरू झाली ती आकड्याचीच. आलेल्यांचे पैसे कुठल्या खिशात गेले, याचा तक्ता एवढ्या ठळकपणे कुणी छापत नाही.

2024 मध्ये थायलंडला गेलेल्या भारतीयांची संख्या 21 लाखांवर होती, आणि मुंबई-पुण्याहून निघणारे गट त्यात कमी नाहीत. आपल्या स्वस्त सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेतही बँकॉक आणि पट्टायाच्या मध्ये कुठेतरी रत्नांच्या दालनाची ‘भेट’ छापलेली असते. पैसे भरण्याआधी ती ओळ शोधा, आणि तिथे न जाता सहल केवढ्याला पडेल ते एजंटला विचारा.