दहा देशांची यादी

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात यजमानांनी जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर युरोपातील दहा देशांची नावे लिहिली आणि तो कागद स्वयंपाकघरातील फ्रिजवर लावला. पंधरा दिवस, दहा देश. त्यांचे वय 73, माझे 68. त्यांना वीस वर्षांचा मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्शुलिन घ्यावे लागते आणि चार वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे.

असा प्रवास आम्ही पूर्वी एकदा केला होता. एका सहल कंपनीबरोबर बारा दिवसांत आठ देश. पहाटे पाचला सामान खोलीबाहेर ठेवायचे आणि रात्री नऊला नव्या गावात उतरायचे. परतल्यावर यांच्या तळपायावर मोठी जखम आढळली. ती भरून यायला सहा आठवडे लागले. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असल्याने बुटाने फोड आणला हे त्यांना जाणवलेच नव्हते. मलाही कळले नाही, कारण रात्री त्यांचे पाय निरखून पाहण्याइतके त्राण माझ्यात उरत नसे. ही गोष्ट मी आजवर कोणापाशी बोलले नव्हते.

म्हणून या खेपेला मी यादीतील देश मोजले नाहीत, सामान बांधण्याच्या सकाळी मोजल्या. वयस्कर माणसाला थकवते ते पाहणे नव्हे. बॅग भरणे, जिने, फलाट, नवी गादी आणि नवे स्नानगृह हे सारे थकवते. बॅग बांधायची ती परतीची धरून चारदाच, असे ठरवल्यावर यादी आपोआप आखडली: इंटरलाकेन पाच रात्री, इन्सब्रुक दोन, व्हिएन्ना सहा, बुडापेस्ट चार. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, हंगेरी, आणि व्हिएन्नाहून रेल्वेने तासाभरावर असलेले ब्रातिस्लाव्हा दिवसभरात पाहून यायचे म्हणजे स्लोव्हाकिया. विमानाने झुरिकला उतरायचे आणि बुडापेस्टहून परतायचे, म्हणजे मागे फिरण्याचा एक दिवस वाचतो. दहाचे चार झाले. हे दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलत होते.

शेंगेन व्हिसा एकच असतो आणि तो 29 देशांत चालतो. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र त्यात नाहीत. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याबाबत पुष्कळांची चूक होते. जेथे प्रथम उतरणार तेथे नव्हे, तर जेथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. आमच्या आठ रात्री ऑस्ट्रियात होत्या, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. ज्येष्ठांनी अखेरच्या महिन्याची वाट पाहू नये. व्हिसासाठी किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. परंतु विमा घेताना रकमेपेक्षा एक वेगळाच प्रश्न विचारावा: पूर्वीपासून असलेल्या आजारामुळे रुग्णालयात जावे लागले, तर खर्च मिळेल काय? आम्हांला पहिल्या पत्रकात याचे उत्तर ‘नाही’ असे बारीक अक्षरांत सापडले. दुसरा विमा महाग पडला, पण तोच घेतला.

औषधांविषयी थोडे विस्ताराने सांगते. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी तेथील औषधाच्या दुकानात चालेलच असे नाही, आणि आपल्याकडील व्यापारी नावे तेथे ओळखीची नसतात. म्हणून डॉक्टरांकडून औषधांची मूळ रासायनिक नावे, मात्रा आणि आजारांचा गोषवारा इंग्रजीत टंकलिखित करून घेतला. सगळी औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक घेतली. इन्शुलिन मोठ्या बॅगेत टाकून विमानाच्या सामानकक्षात कधीही देऊ नये. तेथे ते गोठण्याचा धोका असतो आणि गोठलेले इन्शुलिन निकामी होते. ते हातातल्या पिशवीत हवे, बर्फाला थेट न चिकटता. उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. त्या दिवशी इन्शुलिन केव्हा आणि किती घ्यायचे, हे डॉक्टरांनी विमानाच्या वेळा पाहून लिहून दिले. स्वतःच्या अंदाजाने हे करू नये.

बूट महिनाभर आधी घेतले आणि रोज सायंकाळी घालून फिरलो. रात्री झोपण्यापूर्वी यांचे पाय पाहणे हे या प्रवासातले माझे एकमेव न टळणारे काम होते. विमानतळावरील चाकांची खुर्ची यांनी आधी साफ नाकारली. “मी काय आजारी आहे?” झुरिकला उतरल्यावर लांबच लांब मार्गिका पाहून, “बरं, बोलाव,” एवढेच म्हणाले. ती तिकीट काढतानाच मागून ठेवलेली होती. युरोपीय संघातील रेल्वेतही चढण्या-उतरण्यासाठी मदत मिळते. तीसाठी किमान 24 तास आधी कळवावे लागते.

तरीही चूक झालीच. इंटरलाकेनहून इन्सब्रुकला जाताना झुरिकला गाडी बदलायची होती. गाडीला उशीर झाला आणि जेवणाची वेळ टळली. पाव, चीज, केळी असे सारे बरोबर होते, पण ते वरच्या फळीवरील मोठ्या बॅगेत. बुख्स स्थानक सोडल्यावर यांना घाम फुटला आणि ते असंबद्ध बोलू लागले. बोटातून थेंब घेतला, साखर 58. माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची भुकटी होती. तीन चमचे पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासले, तेव्हा आकडा 90 च्या पुढे गेलेला होता. मग शेजारच्या तरुणाने बॅग खाली काढून दिली आणि यांनी खाल्ले. ही मार्गाची पट्टी लिखटेनश्टाइन या चिमुकल्या देशातून जाते. गाडी तेथे थांबतही नाही. बरे वाटल्यावर यांनी नकाशा पाहिला आणि पाचवा देश झाल्याचे जाहीर केले. तो देश त्यांनी डोळे मिटून, पेला तोंडाला लावून पाहिला, हे मी यादीत लिहू दिले नाही.

व्हिएन्नात सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत; उत्तर मनोऱ्याला उद्वाहक आहे. अशी माहिती निघण्यापूर्वी घरीच काढून ठेवावी. रविवारी तेथील बहुतेक दुकाने बंद असतात. औषधाची दुकाने मात्र पाळीने उघडी राहतात आणि बंद दुकानाच्या दारावर जवळच्या उघड्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो. आणीबाणीचा क्रमांक या सर्व देशांत 112. बुडापेस्टच्या 1913 साली सुरू झालेल्या सेचेनी स्नानगृहातील गरम कुंडाचा मोह मोठा होता. हृदयरोग असल्याने कोमट कुंडात दहा मिनिटे, एवढीच परवानगी आम्ही डॉक्टरांकडून नेली होती.

युंगफ्राउयोखची परवानगी मात्र मिळाली नव्हती. तेथील रेल्वे स्थानक 3,454 मीटरवर आहे आणि हवेतील प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशाने कमी पडतो. यांच्या हृदयाची अलीकडची तपासणी पाहून डॉक्टरांनी नको म्हटले. दहा नावांच्या खाली यांनी जाड अक्षरांत लिहिलेले एकच ठिकाण हे होते.

आम्ही 2,061 मीटरवरील क्लाइन शायडेगपर्यंत एकत्र गेलो. तेथून वरची गाडी सुटते. मी जाणार नव्हते. तिकीटही काढले नव्हते. यांनी ते मला न सांगता खिडकीवर जाऊन काढले. “दोघांपैकी एकाने तरी जाऊन यावं,” म्हणाले. साखर मोजली: 142. पाणी, केळे, ग्लुकोज टेबलावर ठेवले, उपाहारगृहातील बाईंना यांच्या आजाराचा कागद दाखवला, आणि गेले. रुग्णाला सांभाळणाऱ्या माणसाला दोन-तीन तास एकट्याने कोठे जाणे किती जड जाते, हे सांभाळणाऱ्यांनाच कळेल. बोगद्यातून गाडी चढत असताना मी चार वेळा फोन लावला. चौथ्यांदा यांनी उचलला आणि रागावून ठेवून दिला.

वर बर्फ, वारा, आलेचची लांबच लांब हिमनदी. मला थोडी धाप लागली, म्हणून सावकाश चालले. तासाभरात खाली उतरले, तेव्हा हे उन्हात बसून सूप पीत होते आणि समोरच्या आयगर शिखराचा कडा एका वृद्ध स्विस गृहस्थाला बोटाने दाखवत होते, जणू तो सातारा जिल्ह्यातलाच असावा.

“काय पाहिलंस?” त्यांनी विचारले. परतीच्या गाडीत बसल्यावर मी सांगत राहिले. मध्येच त्यांचा डोळा लागला. रात्री पाय तपासले, तेव्हा डाव्या टाचेवर किंचित लाली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही कोठेही गेलो नाही.